शटर उघडायला किती लागतात?

मे महिना संपत आला की तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. काजवे! राधानगरी! कोण कोण येणार? मग कुणीतरी उत्साही प्राणी एक्सेल शीट बनवतो. गाड्या किती, सीट्स किती, पर हेड पेट्रोल किती. शुक्रवारी रात्री पुणं सुटतं, शनिवारी सकाळी कोल्हापुरात मिसळ होते, तिथून पुढं पन्नासेक किलोमीटर ऊस आणि झाडी, आणि मग राधानगरी येते. म्हणजे येते आणि जाते. कारण राधानगरी हे गाव बघायला आपण गेलेलोच नसतो. आपल्याला धरण बघायचं असतं, दाजीपूरचे गवे बघायचे असतात, रात्री झाडांवरचे काजवे बघायचे असतात. गाव म्हणजे ‘चहा कुठं बरा मिळेल?’ आणि ‘टॉयलेट कुठाय?’ या दोन प्रश्नांपुरतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी एक करा. एसी बंद करा, काच खाली घ्या आणि बाजारपेठेतली बंद शटरं मोजा. मी मोजली आहेत. आकडा मात्र सांगणार नाही, कारण दुपारी दोन वाजता कोल्हापूर जिल्ह्यातली निम्मी दुकानं जेवायला बंद असतात आणि माझा सर्व्हे दुपारी दोनचा आहे. पण जेवायला बंद झालेलं शटर आणि कायमचं बंद झालेलं शटर यात फरक कळतो. दुसऱ्या प्रकारच्या शटरवर रंगांचे थर असतात. सगळ्यात खाली पिवळा, एसटीडी-पीसीओचा. त्यावर निळा, मोबाइल रिचार्जचा. त्याच्यावर कुठल्यातरी क्लासची पोस्टर्स. कुलपाला गंज. खाली पायरीवर एखादं कुत्रं, निवांत.

आपल्या लेखी हे बंद दुकान. माझ्या मामेबहिणीच्या लेखी हा रिकामा गाळा. एकाच शटरकडे बघायचे हे दोन चष्मे आहेत आणि आजचा कॉलम दुसऱ्या चष्म्यातून.

ही ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नवरा साखर कारखान्यात हंगामी, म्हणजे गळीत हंगाम संपला की पगारही संपला. बचत गटातून ती नाचणीचे पापड, लाडू, करवंदाचं लोणचं असं करून विकते. घरच्या चुलीवरचं तिचं जेवण म्हणजे नाद खुळा विषय. तिला बाजारपेठेत एक गाळा हवाय. पुढं चार टेबलं, जेवण आणि चहा. मागं नाचणीचं काम. बास. बिझनेस प्लॅन एवढाच, आणि तो मी आजवर पाहिलेल्या बऱ्याच पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन्सपेक्षा जास्त पटण्यासारखा आहे. ‘‘काजव्याला येत्यात, गव्याला येत्यात, धरणाची दारं उघडली की येत्यात. येत्यात आणि उपाशी जात्यात. मी करतो की!’’ (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी करतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. व्याकरणवाल्यांनी कृपया मेल पाठवू नयेत.)

तिनं हेरलेला गाळा दहा बाय वीसचा. रस्त्याला लागून. कित्येक वर्षं बंद. एका रविवारी आम्ही मालकांकडून किल्ली आणून तो उघडला. म्हणजे मी, ताई, तिचा नवरा आणि रस्त्यानं जाणारे दोन जण अशा पाच जणांनी मिळून ते शटर कमरेपर्यंत वर नेलं, पुढं ते जाईना. वाकून आत गेलो. राधानगरीचा पाऊस काय चीज आहे हे तुम्ही फक्त धबधब्याच्या फोटोत पाहिलेलं असतं. मी तो त्या भिंतीवर पाहिला. ओल छातीपर्यंत चढलेली, घिलावा हाताला येत होता, स्लॅबच्या एका कोपऱ्यातून सळई बाहेर डोकावत होती. वायरिंग उंदरांनी खाऊन टाकलेलं. मोरी नाही, नळ नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. स्लॅबची गळती, घिलावा, फरशी, वायरिंग आणि मीटर, नळ आणि मोरी, कडप्प्याचा ओटा, शटरची दुरुस्ती, रंग. गवंड्यानं आणि वायरमननं सांगितलेले आकडे, त्यात ताईची घासाघीस, असं करून १ लाख ७० हजार. वर मालकांचं डिपॉझिट ५० हजार. म्हणजे चहाचा पहिला कप गॅसवरून उतरायच्या आधी २ लाख २० हजार. यात गॅस नाही, भांडी नाहीत, टेबलं नाहीत, नाचणी दळायचं यंत्र नाही. हा फक्त शटर उघडायचा खर्च.

तुम्ही म्हणाल, मग सरकारी योजना कशाला आहेत? अगदी बरोबर. आहेत, आणि वाईट नाहीत. ‘सरकार काही करत नाही’ हा आपल्या कॅन्टीनमधला लाडका डायलॉग निदान इथं लागू पडत नाही.

सगळ्यात कामाची म्हणजे २००८ साली सुरू झालेली पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना. २०२२ साली तिचे नियम सुधारले आणि २०२५-२६ पर्यंत ती चालू ठेवायचं ठरलं. सुधारित नियमांत कारखानदारीचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवा व्यवसायाचा २० लाखांपर्यंत. शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५. राधानगरी तालुक्याचं ठिकाण असलं तरी योजनेच्या भाषेत ग्रामीण. म्हणजे ताईला ३५ टक्के, आणि हाच गाळा तिनं कोल्हापुरात घेतला असता तर २५. स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. १० लाखांपर्यंत बँकेनं तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे. याच धर्तीवर राज्य सरकारनं २०१९ साली मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला.

एक गंमत सांगते. केंद्राच्या या योजनेत जे व्यवसाय चालत नाहीत त्यांची एक यादी असते, आणि पूर्वी मांसाहारी पदार्थ वाढणं त्या यादीत बसायचं. कल्पना करा, कोल्हापूर जिल्ह्यात जेवणाचं हॉटेल काढायचं आणि तांबडा-पांढरा नाही! पुढं ती अट सैल झाली आणि हॉटेल-ढाब्यात मांसाहार चालेल असं सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं. दारू मात्र चालत नाही. ताईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘दारूचं नावबी नको. पण मटणाला नाही म्हणणारं सरकार कुठलं होतं गं?’’

आता हिशेब बघा. ताईचा प्रकल्प धरला ८ लाखांचा. ५ टक्के म्हणजे ४० हजार तिचे. उरलेले ७ लाख ६० हजार बँक देणार. ३५ टक्के अनुदान म्हणजे २ लाख ८० हजार. ऐकायला काय भारी वाटतं! पण हे २ लाख ८० हजार ताईच्या हातात येत नाहीत. आधी बँकेनं कर्ज मंजूर करायचं, मग उद्योजकतेचं प्रशिक्षण, मग कर्जाचे पैसे सुटणार, मग बँक अनुदान मागणार. ते आलं की बँकेत तीन वर्षं मुदत ठेव म्हणून पडून राहणार. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही हे खरं. तीन वर्षांत कुणीतरी येऊन दुकान खरोखर चालू आहे ना हे बघून जाणार आणि मग ती रक्कम कर्जातून वजा होणार. पद्धत वाईट नाही. पैसे घेऊन पळणारे फार झाले म्हणून ती आली असणार. पण तिच्यात एक गृहीतक आहे. व्यवसायासाठी चार धड भिंती आधीपासून उभ्या आहेत.

भाड्याची जागा या योजनेला चालते. तीन वर्षांपर्यंतचं भाडं प्रकल्प खर्चात धरता येतं, जमिनीची किंमत धरता येत नाही. पण भाड्याच्या जागेतला दुसऱ्याच्या मालकीचा स्लॅब? त्याची गळती? ताई ज्या बँकेत गेली तिथल्या साहेबांनी यंत्राचं कोटेशन आनंदानं ठेवून घेतलं, टेबलांचं घेतलं, फ्रिजचं घेतलं. गवंड्याचा कागद परत दिला. ‘‘मॅडम, उद्या मालकानं बाहेर काढलं तर हा घिलावा तुम्ही काढून नेणार का?’’ चिडायला झालं, पण बँकेच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न चुकीचा नाही. यंत्र उचलून नेता येतं, घिलावा नाही येत.

अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेतही, जी २०२० साली आली आणि ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख असं अनुदान देते, बांधकामाचा खर्च प्रकल्पाच्या ३० टक्क्यांच्या आतच धरतात. राज्याच्या पर्यटन खात्याचं २०२३ चं महिलांसाठीचं ‘आई’ धोरण आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. परत मिळतं, म्हणजे आधी भरायचं. सगळीकडे एकच फंडा. सरकारचा जीव यंत्रावर. भिंतीवर नाही.

त्यामुळं मजा अशी झाली की २ लाख २० हजारांचा शटर खर्च आणि ४० हजारांचा स्वतःचा वाटा मिळून ताईला स्वतःकडचे २ लाख ६० हजार आधी घालायचेत. का? तर तीन वर्षांनी २ लाख ८० हजार माफ व्हावेत म्हणून. रक्कम जवळपास तीच, फक्त उलट्या क्रमानं. आणि हा उलटा क्रम ज्या वस्तूंच्या जोरावर सरळ व्हायचा आहे त्या म्हणजे ताईच्या पाटल्या. लग्नातल्या. आमच्या मामीनं तिच्या आईकडून आणलेल्या. सोनेतारण कर्जाच्या जाहिरातीत हसऱ्या चेहऱ्याची बाई बांगड्या काढून देते ना, तसं प्रत्यक्षात कुणी हसत नाही.

यावर जगात काही उपाय झालेत का? झालेत. आणि ते वाचताना मला सारखे राधानगरीचे आण्णा आठवत होते. आण्णा म्हणजे गाळ्याचे मालक. वय सत्तरीच्या पुढं, बोलायला गोड, आणि भाडं परवडत नाही म्हटलं तर भाडं कमी करायला तयार. मग इतकी वर्षं गाळा बंद का? विचारलं तर म्हणाले, ‘‘शटर बंद हाय तवर माझं हाय. उघडल्यावर कुणाचं हुईल सांगता येत न्हाई.’’

यात विनोद नाही, भीती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडेकरूला इतकं घट्ट बसवलं की पुढच्या दोन-तीन पिढ्यांचे घरमालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. २००० साली नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा झाला, पण भीती जुन्याच कायद्याची राहिली. ती एसटीत बसून गावोगाव गेली. रिकामा गाळा भाडं देत नाही हे आण्णांना कळत नाही थोडंच? पण रिकामा गाळा कोर्टातही नेत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात हाच पेच होता. मुख्य रस्त्यावर दीडशेच्या आसपास रिकाम्या जागा. मार्कस वेस्टबरी नावाच्या माणसानं २००८ साली तिथं ‘रिन्यू न्यूकॅसल’ सुरू केलं. पैसे थोडेच होते. त्यानं मालकांना सांगितलं, विकू नका, भाडेकरार करू नका, फक्त वापरायला द्या, तीस दिवसांच्या नोटिशीवर परत. चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर आम्ही उठतो. मालकांची भीती गेली आणि दागिने घडवणारे, चित्रं काढणारे, कपडे शिवणारे त्या दुकानांत येऊन बसले. आता हे तुम्हाला-मला नवीन आहे का? बाणेरचा फ्लॅट काय किंवा ठाण्याचा, आपण सगळे लीव्ह अँड लायसन्सवरच तर जगतो! अकरा महिन्यांनी ब्रोकर, अकरा महिन्यांनी टेम्पो. ज्या कागदाला आपण शिव्या घालतो तोच कागद आण्णांना झोप लागू देईल, हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं.

इंग्लंडनं आणखी पुढची पायरी गाठली. तिथं २०२३ च्या कायद्यानं आणि २०२४ च्या डिसेंबरपासून नगरपालिकांना एक अधिकार मिळाला. दोन वर्षांच्या काळात ३६५ दिवसांहून जास्त रिकामं राहिलेलं दुकान पालिका लिलावानं एक ते पाच वर्षं भाड्यानं देऊ शकते. मालकाची इच्छा असो नसो. आपल्याकडे असं कुणी सुचवलं तर आण्णा उपोषणाला बसतील आणि मी त्यांच्या शेजारी बसेन. जबरदस्तीनं उघडलेल्या शटरमागं धंदा चालेल असं मला वाटत नाही.

आणि नुसता पैसा ओतूनही चालत नाही, हेही इंग्लंडनंच दाखवलं. २०११ साली मेरी पोर्टस या रिटेल क्षेत्रातल्या प्रसिद्ध बाईंनी ओस पडणाऱ्या बाजारपेठांवर सरकारला अहवाल दिला. २०१२ साली बारा गावं निवडून त्यांच्यात १२ लाख पौंड वाटले गेले. दुसऱ्या वर्षी वृत्तपत्रांनी हिशेब काढला तर बरेच पैसे खर्चच झालेले नव्हते, आणि डार्टफर्ड नावाच्या गावानं सोळाशे पौंडांच्या आसपास रक्कम पेपा पिग या कार्टूनमधल्या डुकरिणीचा वेष घालून माणूस नाचवण्यावर घातली होती. पोरं खूश झाली असणार. दुकानांचं काय झालं ते विचारू नका. त्या मानानं सॅन फ्रान्सिस्कोनं २०२३ साली केलेला प्रयोग मला जास्त पटतो. डाउनटाउनमधल्या रिकाम्या दुकानांत छोट्या व्यावसायिकांना तीन महिने बिनभाड्यानं बसवायचं, सोबत थोडं अनुदान द्यायचं, आणि जागा मानवली तर पुढचा करार मालकाशी त्यांनी आपापला करायचा. तीन महिन्यांत निदान कळतं की समोरून जाणारा माणूस आत येतो की नाही.

समोरून जाणारा माणूस आत येतो की नाही... या प्रश्नापाशी आलं की मला कॅलिफोर्नियाहून सरळ कोल्हापुरात यावं लागतं. कारण या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर भाऊसिंगजी रोडवर दिलं गेलंय, आणि तेही शंभर वर्षांपूर्वी.

राजर्षी शाहू महाराजांना आपण आरक्षण आणि शिक्षणासाठी ओळखतो, कुस्तीसाठी ओळखतो. बाजारपेठा वसवणारा राजा म्हणून फारसं कुणी बोलत नाही. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली त्यांनी शाहूपुरी वसवली. वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. आणि भोगावतीवर धरण बांधायला घेतलं तेव्हा तिथं गाव वसवून त्याला मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. तीच ही राधानगरी. तलावाला राणीसाहेब लक्ष्मीबाईंचं नाव. धरण महाराजांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पैशाअभावी काम अडलं, १९२२ साली महाराज गेले, आणि ते पूर्ण व्हायला १९५० चं दशक उजाडलं. अर्धवट कामाकडे बघत धीर धरायची सवय या गावाला जन्मापासून आहे म्हणायला हरकत नाही.

पण मी सांगत होते ती गोष्ट एका चहाच्या दुकानाची. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या समाजातले. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा दिल्लीला होते. परत आल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं, तेव्हा मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. भांडवल दिलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढलं आणि नाव ठेवलं सत्यसुधारक हॉटेल.

इथपर्यंत ही गोष्ट अनुदानाची आहे. म्हणजे आजच्या भाषेत फाइल क्लोज. लाभार्थी निवडला, रक्कम दिली, दुकान उघडलं, फोटो काढला. पण दुकान चालेना. जागा स्वच्छ, चहा चांगला, आणि आत माणूस नाही. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कुणी? पैशानं दुकान उघडलं होतं, गिऱ्हाईक पैशानं येणार नव्हतं.

मग महाराजांनी काय केलं, तर स्वतः गिऱ्हाईक झाले. लवाजम्यासकट गाडी त्या दुकानासमोर उभी करायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना पाजायचा. राजानं घेतल्यावर नको म्हणायची कुणाची टाप? पुढं गंगारामांना सोडावॉटरचं यंत्रही मिळालं. म्हणजे भांडवल आधी, मग गिऱ्हाईक, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. आपल्या आजच्या योजना यंत्रापासून सुरू होतात आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाहीत.

ताईच्या गाळ्यात आणि गंगारामांच्या हॉटेलात मी बरोबरी करत नाहीये. तिथं जे पणाला लागलं होतं ते खूप मोठं होतं, माणूस म्हणून उभं राहण्याइतकं. पण सरकारनं काय करावं असं मला कुणी विचारलंच (विचारत नाही कुणी, कॉलम आहे म्हणून सांगते), तर मी म्हणेन, राधानगरीसारख्या एका बाजारपेठेत एक छोटा निधी ठेवून बघा. वर्षानुवर्षं बंद असलेले गाळे निवडा. दुरुस्तीचा निम्मा खर्च द्या, तो बिलावर द्या आणि थेट गवंड्याला, वायरमनला द्या, म्हणजे पळून जायचा प्रश्न नाही. मालकानं त्या बदल्यात काही महिन्यांचं भाडं सोडायचं. करार अकरा महिन्यांचा, नोंदणी सरकारनं फुकट करून द्यायची. आणि तालुक्याला मीटिंगा घेणाऱ्या साहेबांनी जेवणाचे डबे, चहा, नाश्ता याच दुकानांतून मागवायचा. हा शेवटचा मुद्दा फुकटातला आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. काजव्यांचे पंधरा-वीस दिवस, पावसाळ्यातले वीकेंड, हिवाळ्यातली दाजीपूरची गर्दी. एवढ्यावर वर्ष निघत नाही. पावसाळ्यात अभयारण्याची सफारी बंद असते. मधल्या रिकाम्या मंगळवारी जो जेवायला येईल तो खरा आधार, आणि तो पुण्याहून येणार नाही.

तोवर काय? तोवर ताईनं स्वतःच वाटाघाटी केल्या. मी फक्त शेजारी बसून चहा पीत होते. अकरा महिन्यांचा कागद असतो, नोंदणी होते, मुदत संपली की गाळा तुमचा, हे तिनं आण्णांना तीनदा सांगितलं. आण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, पोरगा चाकणला कंपनीत आहे. गाळा त्याचाच होता. पिवळा रंग त्याच्या बापाचा, निळा त्याचा. रिचार्ज सगळे मोबाइलवरच करायला लागले तसा धंदा बसला आणि तो पुण्याला गेला. कंपनीचं काही खरं नाही, उद्या परत आला तर?

मला वाटलं, संपलं. ताई म्हणाली, ‘‘आला तर दोन महिने आधी सांगा आण्णा, उठतो मी. पण मग स्लॅब तुमचा. मी आतलं बघतो, तुम्ही वरचं बघा.’’

आण्णांनी स्लॅबचा खर्च मान्य केला. डिपॉझिट निम्म्यावर आणलं. पहिले तीन महिने भाडं नाही. २ लाख २० हजारांचे १ लाख ३० हजार झाले, सरकारचा एक कागद न हलता. बँकेत फाइल आहे, प्रशिक्षण व्हायचंय. तुमच्यापैकी कुणाची बहीण, वहिनी असा अर्ज भरणार असेल तर एवढंच सांगते की नियम बदलत असतात, अर्जाच्या दिवशी लागू असलेला कागद वाचा आणि गाळ्याचा करार बँकेत जायच्या आधी नोंदवून घ्या. तो दाखवल्यावर साहेबांचा सूर बदलला.

पाटल्यांचं अजून ठरलेलं नाही. ताईनं गवंड्याला सांगितलंय, निम्मे पैसे आत्ता आणि निम्मे पहिल्या मोठ्या पावसानंतर, गळलं नाही तर. गवंडी ‘बघू की’ म्हणालाय.